फावड्यावरचा दुसरा हात

एकदा एक जवान फौजेतली नोकरी पुरी करून आपल्या गावी परतला. गाव नदीकाठचं, जुन्या दगडी बंधाऱ्याचं. वेशीपासून उघड्या जीपमधून त्याची मिरवणूक निघाली. ताशा वाजला, बायकांनी ओवाळलं, सरपंचांनी शाल आणि श्रीफळ दिलं आणि भाषणाच्या शेवटी म्हणाले, "मेजर, देशाची सेवा झाली. आता आराम करा." खरं तर तो नायक या हुद्द्यावरून निवृत्त झाला होता. पण आपल्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, आणि तो बिचाराही कुणाला दुरुस्त करत बसत नाही.

मांडव उतरला, पाहुणे गेले आणि मेजर घरात आला. गावाला तरी तसंच वाटलं.

त्याच्या शेजारी हणमंत राहत असे. दोन्ही घरांच्या मध्ये भिंत एकच, आणि तीही कच्च्या विटांची. त्या घरातलं बरंचसं या घरात आपोआप कळे. जे कळत नसे ते हणमंत चहाच्या वेळेला जाऊन विचारून येई. स्वभाव चौकस, पण मनात काळं नाही. बंधाऱ्यातून निघणाऱ्या पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे पाहण्याचं काम त्याच्याकडे होतं. अशा माणसाला पाटकरी म्हणतात. हे काम त्याला शिकवलं ते नानांनी. नाना त्याच्या आधीचे पाटकरी. आता कमरेत वाकलेले, दिवसभर बंधाऱ्यावरच्या चिंचेखाली बसून असत. हणमंत त्यांना गुरुस्थानी मानी. स्वतः चाळिशी ओलांडली तरी नाना त्याला 'हणम्या' म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

मेजरचं बस्तान बसवायचं, हे हणमंतानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. तालुक्याच्या एका पतपेढीत त्यानं शब्द टाकला, मेजरला दारावर उभं केलं. तिथं मेजर मॅनेजरच्या जेवणाची पिशवी रोज उघडून तपासू लागला. मॅनेजरनं महिनाभर सोसलं. मग दूध संकलन केंद्र. तिथं त्यानं दूध घालायला येणाऱ्या बायांना किटल्यांसकट एका रेषेत उभं केलं, आणि बोलणाऱ्या बाईला रेषेच्या शेवटी पाठवलं. आठवड्याभरात निम्म्या बाया पलीकडच्या गावच्या डेअरीला जाऊ लागल्या. त्यानंतर बरेच दिवस मेजर घराच्या ओट्यावर बसून होता. पाठ भिंतीला, तोंड रस्त्याकडे. अखेर हायवेलगतच्या एका बेदाण्याच्या गोडाऊनवर, शेठच्या हातापाया पडून, हणमंतानं त्याला फाटकावर लावलं.

आणि आता शेठनंच हणमंताला बोलावून घेतलं होतं.

"अहो पाटकरी," शेठ म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे, मी नाही म्हणत नाही. पण बसत नाही हो! खुर्ची दिली मी, चांगली हातांची. तिच्याकडे बघत पण नाही. दिवसभर फाटकात ताठ उभा. गिऱ्हाईक गाडीतून उतरायला बिचकतंय. परवा माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा टेंपो परत पाठवला."

"का बरं?"

"चिठ्ठी नव्हती म्हणून! मेव्हणा म्हणाला, मला ओळखत नाहीस का? तर हा म्हणतो, ओळखतो की. चिठ्ठी दाखवा."

हणमंताला हसू आलं. शेठ मात्र हसले नाहीत. "आणि सुटी सहाला. सहाला दुसरा राखणदार येतो, तरी हा हलत नाही. तो खाटेवर आडवा होतो, हा तसाच उभा. तो राखणदार परवा मला म्हणाला, शेठ, हा माणूस माझ्याकडे बघत राहतो, मला झोप लागत नाही. एक तर हा, नाही तर मी." शेठनी सुस्कारा टाकला. "शनिवारपर्यंत बघतो, तुमच्या शब्दाखातर. त्यापुढं मला जमायचं नाही."

हणमंत तिथून थेट मेजरच्या घरी गेला. मेजरची बायको शालन हिनं त्याला बघताच चहाचं आधण ठेवलं.

"बरं झालं भावजी, तुम्हीच आलात. नाही तर मी भिंतीवर थाप मारणार होते. ऐकू तर सगळं येतंच तुम्हाला."

"वहिनी, तसं काही नाही..."

"असू दे हो. कुणी ऐकणारं आहे तेवढंच बरं." तिनं कपात चहा ओतला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. ती फार दमलेली दिसत होती. "हे काम गेलं तर मुंबईला जातो म्हणतात. कुठली तरी एजन्सी आहे, वॉचमन पुरवते. म्हणजे परत मी, ही पोर आणि तुमची भिंत. इतकी वर्षं हे तिकडं असताना वाट बघितली भावजी, त्याचं काही नाही. सगळ्याच बघतात. पण आता हे समोर बसलेले असतात आणि तरी मी वाटच बघते. कुणाला सांगायचं हे? लोक म्हणतील, नवरा धडधाकट परत आला, पेन्शन आहे, हिला अजून काय पाहिजे?"

तेवढ्यात मेजर आला. सहाला सुटी झालेला माणूस दिवेलागण होऊन गेल्यावर घरी पोचला होता. हणमंतानं त्याला पाहताच नेहमीचं सुरू केलं. "अहो मेजर, विसरा आता ते सगळं. फौज राहिली तिकडं. जरा आराम करायला शिका."

"करतो," मेजर म्हणाला आणि उभाच राहिला.

"बसा तरी!"

मेजर बसला, पण ओट्याच्या कडेला, उठायच्या बेतात असल्यासारखा. मग खाली बघत हळूच म्हणाला, "थकलोय हणमंतराव. खोटं कशाला बोलू? पण बसलं की आत काहीतरी ओरडतं, ऊठ म्हणून. काय ते मलाच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी हणमंत चिंचेखाली नानांपाशी जाऊन बसला. सगळं सांगितलं, काही न राखता; राखणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. शेवटी म्हणाला, "नाना, मी पण थकलो आता. किती दारं ठोठावू? नोकरी मी देऊ शकतो, पण त्याच्यात त्याला बसवू कसा?"

नानांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "शनिवारी सकाळची पाळी कुणाची?"

"खालच्या मळ्याची. कांद्याला पाणी आहे. का?"

"मालकाला सांग, दारं तू धरणार. ऊन तापायच्या आत मी येतो आणि तुझ्याकडनं घेतो."

हणमंत बघतच राहिला. इथं मेजरचा शनिवार डोक्यावर आलेला, आणि म्हाताऱ्याला कांद्याचं पडलंय! पण गुरूची आज्ञा. तो हो म्हणाला.

आता ज्यांनी शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी फावड्यानं एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत नेणं. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं, लगेच पुढच्याचं फोडायचं. जरा दुर्लक्ष झालं की पाणी बांध फोडून रस्त्यावर. आणि या गावात त्याची एक जुनी रीत होती. पाळी संपली म्हणून फावडं बांधावर टाकून कुणी निघून जात नसे. पुढच्यानं यायचं, त्याच फावड्याच्या दांड्यावर आपला हात ठेवायचा आणि विचारायचं, 'कुठवर आलंय?' पहिल्यानं सगळं सांगायचं: कुठला वाफा भरला, कुठं उंदरानं बीळ केलंय, कुठं बांध कच्चा आहे. दुसऱ्यानं म्हणायचं, 'कळलं. पाणी माझं.' मगच पहिल्याचा हात सुटायचा. पुढचा आलाच नाही, तर उभं राहायचं. पाणी कुणासाठी थांबत नाही.

शनिवारी हणमंत उजाडताच कांद्यात उतरला. पाणी बक्कळ होतं, वाफे भराभर भरत होते. ऊन वर आलं. नाना आले. पण कांद्यात उतरले नाहीत. बांधावरच्या जांभळीखाली जाऊन निवांत टेकले.

"नाना, या की!" हणमंतानं हाक मारली.

नानांनी हात हलवला आणि तंबाखू मळायला घेतली.

ऊन तापलं. हणमंताची पाठ धरली, पोटऱ्या भरून आल्या. त्यानं परत हाक मारली, मग परत. थोड्या वेळानं मळ्याचा मालक एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला आणि वाफ्यांच्या मधल्या बांधावर ठेवली. "नानांनी पाठवलीय. म्हणाले, हणमंतरावांना जरा बसू द्या."

"अरे बसू कसा? हा वाफा फुटायला आलाय!"

"मला काय माहीत? मला सांगितलं, मी आणली," असं म्हणून मालक हसत निघून गेला.

मग नाना स्वतः उठले. काठी टेकत, चिखल चुकवत ते हणमंताजवळ आले. त्यांच्या खांद्यावर एक शाल होती. ती त्यांनी उलगडून हणमंताच्या घामेजलेल्या अंगावर पांघरली, पिशवीतून नारळ काढून त्याच्या हातात दिला आणि सभेत बोलावं तसं म्हणाले, "हणमंतराव, पाण्याची फार सेवा झाली. गाव तुमचं ऋणी आहे. आता आराम करा." एवढं बोलून वळले आणि पुन्हा जांभळीकडे चालू लागले.

एका हातात नारळ, एका हातात फावडं, गळ्यात शाल अडकलेली. तेवढ्यात डावीकडचा बांध सुटला आणि पाणी रस्त्याकडे धावलं. हणमंतानं नारळ कांद्यात फेकला, शाल भिरकावली, धावत जाऊन चार फावडी माती टाकली आणि पाणी कसंबसं अडवलं. मग त्याच्यानं राहवलं नाही. गुरू आहे हे विसरून तो ओरडला, "नाना! डोकं फिरलंय का तुमचं? शाल नको मला, नारळ नको, खुर्ची नको! हात लावा हो! फावड्याला हात लावा!"

नाना थांबले. परत आले. या वेळी चिखल चुकवला नाही. त्यांनी आपला सुरकुतलेला हात दांड्यावर हणमंताच्या हाताशेजारी ठेवला.

"कुठवर आलंय?"

हणमंताचा आवाज बसला होता. "हे चार वाफे राहिलेत. डावीकडं बांध कच्चा आहे, आत्ताच फुटला होता. त्या कोपऱ्यात बीळ आहे, पाणी आत जातंय."

"कळलं. पाणी माझं."

हणमंताची बोटं सुटली. तो दोन पावलं मागं सरला आणि होता तिथं, चिखलातच, मटकन बसला. खुर्ची हाताच्या अंतरावर होती, पण तिच्यापर्यंत जायचं त्याला सुचलं नाही.

नाना सावकाश एक एक वाफा फोडत राहिले. पाठमोरेच म्हणाले, "खुर्ची तर मघाशीच दिली होती. तेव्हा का नाही बसलास?"

"बसणार कसा? फावडं कुणी घेतलं नव्हतं."

"गावानं मेजरला शाल दिली. शेठनी खुर्ची दिली. तू रोज जाऊन सांगतोस, आराम करा." नानांनी फावडं टेकवलं आणि त्याच्याकडे वळून पाहिलं. "हणम्या, त्याच्या फावड्याला कुणी हात लावला का रे?"

हणमंतानं कांद्यात पडलेली शाल उचलून मांडीवर घेतली.

"वरून हुकूम आला, तो सुटला. कागदावर सुटला. त्याच्या हाताला कोण सांगणार? तुम्ही सगळे त्याला म्हणता, विसर. ज्याचं सांगायचंच राहून गेलंय त्यानं विसरायचं कसं? एवढी वर्षं कुठं तरी जीव लावून उभा होता तो माणूस. गावात एकानं तरी त्याला विचारलं का, की बाबा, कुठवर आलंय?"

पाणी वाफ्यात पसरत होतं. हणमंताला आठवलं, आपण मेजरला गेल्या दोन वर्षांत हजार गोष्टी विचारल्या. पेन्शन किती, क्वार्टर कशी होती, कॅन्टीनमध्ये काय स्वस्त मिळतं. हे मात्र विचारलं नव्हतं.

दुपारी मालकाला फावडं सोपवून दोघं निघाले. नाना हणमंताच्या मोटरसायकलवर मागं बसले, काठी आडवी धरून. गोडाऊनच्या फाटकात मेजर उभा होता. त्याच्या मागं भिंतीच्या सावलीत ती हातांची खुर्ची, धूळ बसलेली. शेठ जेवायला घरी गेले होते.

"राम राम नाना," मेजर म्हणाला. "इकडं कुठं?"

"तुझ्या जागी उभा राहायला आलोय." नाना पुढं झाले आणि त्यानं दोन्ही हातांनी धरलेल्या काठीवर त्यांनी आपला हात ठेवला. "कुठवर आलंय?"

मेजर गोंधळला. हणमंताकडे बघत म्हणाला, "काय थट्टा लावलीय? नाना, तुमचं वय काय..."

"वय नाही विचारलं. कुठवर आलंय, ते विचारलं."

मेजर याच गावचा होता, लहानपणी बापाबरोबर दारं धरलेली होती. ते शब्द त्यानं ओळखले. मग हळूहळू सांगू लागला. फाटकाची कडी सैल आहे. कडुनिंबाच्या बाजूला भिंत बुटकी आहे, तिथून पोरं बेदाण्यासाठी उडी मारतात. एक पिवळी गाडी दोनदा विनाकारण फिरून गेली.

"कळलं," नाना म्हणाले. "आणि याच्या आधी कुठं उभा होतास?"

मेजरनं काठी आणखी घट्ट धरली. नानांनी हात काढला नाही.

"वर होतो. डोंगराच्या धारेवर." मेजरचा आवाज इतका खाली आला की हणमंताला जवळ सरकावं लागलं. "डाव्या हाताला घळ आहे. ऊन लागलं की दुपारनंतर तिथून बर्फ सुटतं. वारा पडला तर जास्त लक्ष द्यायचं, कारण वाऱ्यात कुणी चढत नाही. उजवीकडं, तारेच्या पुढं, एक दगड आहे. धुक्यात माणूस बसल्यासारखा दिसतो. नवीन पोरगं हमखास फसतं, आणि त्या दगडाकडंच बघत बसतं. खरी वाट त्याच्या मागं आहे." तो थांबला. "नाना, पहाऱ्यावरून उतरताना हे सगळं पुढच्याला सांगायचं असतं. तो म्हणतो समजलं, मग आपण उतरायचं. माझ्या वेळेला वर येणारी तुकडी बर्फानं अडकली होती. सकाळी हेलिकॉप्टर आलं, हुकूम झाला, चल. ते थांबत नसतं. चौकी रिकामी नव्हती, जोडीदार होते. पण माझ्या जागेवर येणारा मी पाहिलाच नाही. त्या दगडाचं मी कुणाला सांगितलंच नाही. इकडं आलो तर ताशा वाजत होता."

"डावीकडं दगड आहे, माणसासारखा," नाना म्हणाले.

"उजवीकडं, नाना!"

"उजवीकडं. डावीकडं घळ. दुपारनंतर बर्फ."

"हो."

"वारा पडला की जास्त लक्ष. दगडाकडं बघत बसायचं नाही, वाट त्याच्या मागं आहे."

"हो," मेजर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

"कळलं, बाळा. जागा माझी."

मेजरची बोटं काठीवरून एक एक करून सुटली. तो मागं सरला. आता हातांचं काय करायचं हे न समजून थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याला खुर्ची दिसली. तो बसला. पाठ टेकली. आणि उभ्या दुपारी, हायवेवरून ट्रक धडधडत जात असताना, त्याची मान छातीवर कलली.

थोड्या वेळानं शेठची मोटार आली. हॉर्न वाजला. कमरेत वाकलेले नाना काठी आडवी धरून फाटकात उभे राहिले. "चिठ्ठी?"

"अहो, मी मालक आहे!" शेठ काचेतून डोकं काढून ओरडले. "हे काय चाललंय? तो कुठं आहे?"

हणमंत ओठांवर बोट ठेवून धावत गेला आणि त्यानं खुर्चीकडे हात केला. शेठनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गाडीचं इंजिन बंद केलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "बसला?"

"बसला."

शेठ गाडीतून उतरले आणि दार न आपटता लावून चालत आत गेले. शनिवारचा विषय त्यांनी काढला नाही.

संध्याकाळी दुसरा राखणदार आला तेव्हा नानांनी त्याला रीत समजावून सांगितली: येशील तेव्हा आधी काठीला हात लाव, मग विचार, मग पाहिजे तर खाटेवर पड. तो कुरकुरला. "काय विचारायचं रोज? भिंत तीच, फाटक तेच." पण झोपेच्या आशेनं करू लागला. एखाद्या दिवशी तो विसरे, आणि मेजर पुन्हा दिवेलागणीपर्यंत उभा राही. मग हणमंताला गाडी काढून जावं लागे. एका दुपारीत सगळं मिटतं असं कुणी समजू नये. पण शेठची खुर्ची आता धूळ धरत नव्हती, आणि मुंबईच्या एजन्सीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

पुढं एका संध्याकाळी हणमंत सवयीप्रमाणे भिंतीशी टेकून चहा घेत होता. पलीकडून शालनचा आवाज आला. ती नवऱ्याला विचारत होती, "मग? तिथं वर रोज कुठवर दिसायचं?" आणि मेजर तिला त्या दगडाचं सांगत होता, सावकाश, जणू पहिल्यांदाच. मध्येच ती म्हणाली, "थांबा, डावीकडं काय म्हणालात?"

हणमंताचा कप हातातच राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपण होऊन भिंतीपासून उठला आणि अंगणात जाऊन बसला.

आपणही कुणाच्या खांद्यावर शाल घालताना, त्याच्या हातात अजून काही धरलेलं आहे का, ते आधी हात लावून पाहावं.